नवतप्यातही न तडकणारा सागवानी पाट

बारा वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांसाठी मी माझ्या हातानं पहिला पाट केला. भाद्रपदातली दमट हवा होती. सागवानाची सुरेख फळी घेतली, खाली दोन आडव्या पट्ट्या लावल्या, पट्ट्यांना सढळ हातानं फेविकॉल आणि वरून पाच-पाच खिळे. पाट इतका घट्ट झाला की उचलून आपटला असता तरी काही झालं नसतं. पुढच्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, एका दुपारी आतल्या खोलीतून 'टाक' असा आवाज आला. जाऊन पाहतो तर पाट मधोमध चिरलेला, फटीतून नाणं उभं राहील एवढी चीर. लाकूडच खराब निघालं असं समजून मी तो पाट शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सुतार मिस्त्रींकडे नेला. त्यांनी तो उलटा केला, पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाले, "लाकूड चांगलं हाये बाबू. तू त्याले हालूच नाही देल्लं ना."

त्या वाक्याचा अर्थ नीट कळायला मला दोन उन्हाळे लागले. आता मी पाट करतो तेव्हा सगळं काम त्या एका गोष्टीभोवती बेततो. लाकूड घेण्यापासून शेवटचा स्क्रू आवळण्यापर्यंतची पूर्ण रीत इथे देतो आहे. पाटच निवडला, कारण तो लहान असतो, घरात लागतोच, आणि रंधा, पटाशी, करवत, सांधा, तेलपाणी हे सगळं त्यात एकदा हाताखालून जातं. हे जमलं की चौरंग, देवघर, कपाटाचं दार यांतही हेच कामी येतं.

लाकूड हलतं म्हणजे किती हलतं

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल घेतली की फुगतं, सोडली की आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच, सगळा खेळ रुंदीत आणि जाडीत असतो. सागवान या बाबतीत गुणी लाकूड आहे. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वलयांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेनं सुमारे २.५ टक्के आकसतं. बरीच लाकडं याहून जास्त आकसतात.

पण नागपूरची हवाही साधी नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. त्या दिवसांत दुपारच्या हवेत ओल अगदी नावाला उरते, आणि दोन-अडीच महिन्यांनी त्याच खोलीत मिठाला पाणी सुटतं. घरातल्या लाकडाची ओल उन्हाळ्यात ६ टक्क्यांच्या आसपास आणि भर पावसाळ्यात १४ टक्क्यांच्या आसपास धरली, तर ८ टक्क्यांचा फरक पडतो. सागवानाच्या साध्या चिरलेल्या फळीत ओल एक टक्का बदलली की रुंदी ०.२ टक्के बदलते. म्हणजे बारा इंच रुंदीच्या पाटात जवळपास दीड सूत! तेल-पॉलिश केलेल्या पाटात थोडं कमी, पण एक सूत धरूनच चाला. (सुतारांचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर.)

आता पाटाखालच्या पट्टीचा विचार करा. तिचे तंतू पाटाच्या आडवे असतात. पाट रुंदीत एक-दीड सूत आकसतो, पण पट्टीची लांबी तेवढीच राहते. दोघांना फेविकॉल आणि खिळ्यांनी जखडलं की पाटाला आकसायला जागा उरत नाही आणि तो स्वतःच फाटतो. माझ्या पाटाचं नेमकं हेच झालं होतं. भाद्रपदात फुगलेला पाट मी जखडला आणि उन्हाळ्यानं तो ओढला.

फळी घेताना

लकडगंजात आरामशिनी आणि लाकडाची दुकानं ओळीनं आहेत, बाजाराच्या नावातच लाकूड आहे. आपल्या पूर्वेला आणि दक्षिणेला आलापल्ली, बल्लारशाचं जंगल. तिथलं सागवान व्यापारात 'सीपी टीक' या नावानं ओळखलं जातं, मध्य प्रांत असल्यापासूनचं नाव आहे ते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारशाहूनच सागवान गेलं. दुकानात बाहेरच्या देशातलं सागवानही असतं, आणि ते वाईटच असतं असं नाही. मात्र कोणतं आहे हे विचारून घ्या, आणि बिल पक्कं घ्या. सागवानाच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो. दुकानदाराकडे कागद असले की आपल्यालाही घोर नाही.

आपला पाट १६ इंच लांब, १२ इंच रुंद आणि सात सूत जाड करू. बारा इंच रुंद अखंड फळी महाग पडते आणि जास्त वाकते, म्हणून दोन फळ्या जोडायच्या. साडेतीन फूट लांब, साडेसहा इंच रुंद आणि एक इंच जाड अशी एक फळी मागा. खालच्या दोन पट्ट्यांसाठी, म्हणजे पाटाच्या पायांसाठी, दोन बाय दोन इंचाचा अडीच फुटी तुकडा. दोन्ही मिळून पाव घनफुटापेक्षा किंचित कमी लाकूड होतं. दुकानदार घनफुटाचा भाव सांगतो, तेव्हा हा हिशेब खिशात असावा.

फळी हातात घेतली की आधी तिचं टोक पाहा, रंग नंतर. टोकावर वलयांच्या रेषा दिसतात. त्या जवळजवळ उभ्या असतील तर ती फळी रुंदीत निम्म्याहून कमी हलते. ढिगात अशा दोन-चार निघतातच, मिळाली तर तीच घ्या. रेषा कमानीसारख्या असतील तर साधी चिरलेली फळी, तीही चालते. कडेला फिकट पांढरट पट्टा असेल तर तो सालीजवळचा भाग, त्याला कीड लवकर लागते. तो कापून टाकावा लागेल हे धरून रुंदी घ्या. मग फळी डोळ्यांच्या रेषेत धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहा. धनुष्यासारखा वाक रंध्यानं निघतो. पीळ असेल तर ती फळी परत ठेवा. पीळ काढता काढता इंचाची फळी पाच सुतांवर येते.

पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर आनंदानं घ्या. पन्नास-साठ उन्हाळे पाहिलेलं लाकूड आता फारसं दंगा करत नाही. फक्त रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधा. एक खिळा रंध्याच्या पात्याचं अर्ध्या तासाचं काम वाढवतो.

फळीला मुरू द्या

दुकानातून आणली आणि त्याच रविवारी कापली, असं करू नका. फळीची दोन्ही टोकं आधी मेणानं किंवा जुन्या ऑइल पेंटनं बंद करा. टोकातून ओल फार झपाट्यानं निघते आणि तिथूनच चिरा सुरू होतात. मग फळी जमिनीपासून वर, खाली दोन-तीन सारख्या काड्या देऊन, चारही बाजूंनी हवा लागेल अशी आडवी ठेवा. जो पाट ज्या घरात राहणार, त्याच घरात ठेवा.

गच्चीवर ठेवू नका, आणि कूलरसमोर तर मुळीच नाही. कूलरची हवा गार असते तशी ओलीही असते. मे महिन्यात गच्चीवरची फळी आणि कूलरच्या खोलीतली फळी जणू वेगवेगळ्या ऋतूंत राहतात. मी एकदा कूलरच्या खोलीत ठेवलेली फळी आणि पडवीतली फळी जोडून बसलो होतो. महिन्याभरात सांध्यावर नखाला लागेल अशी पायरी तयार झाली.

फळी तयार झाली की नाही हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी फळी तोला आणि आकडा फळीवरच पेन्सिलीनं लिहा. सलग तीन आठवडे वजन बदललं नाही की फळी घराच्या हवेशी जुळली. नेमकी ओल हवी असेल तर फळीच्या टोकापासून आत अर्ध्या फुटावरचा एक तुकडा कापून लगेच तोला. मग ओव्हनमध्ये साधारण १०३ अंशांवर ठेवून, वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं त्याला कोरड्या वजनानं भागून शंभरानं गुणा. २३० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅमवर थांबला तर ओल १५ टक्के. ओव्हनपासून हलू नका, तुकडा करपायला नको.

नागपुरात या कामाला सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतरचे. तेव्हा हवा ना पार कोरडी ना ओली, लाकूड त्याच्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. दिवाळीच्या आधी फळी आणा, जानेवारीत काम करा.

हत्यारं, मोजकीच

एक लोखंडी रंधा, पाच नंबरचा, चौदा इंची. दोन पटाश्या, एक इंच आणि अर्धा इंच. बारीक दातांची करवत, काटकोन पाहायचा गुण्या, कडेला समांतर रेघ ओढायचं मार्किंग गेज, पोलादी पट्टी, लाकडी मोगरी, तीन क्लॅम्प, हँड ड्रिल. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत हे सगळं एका फेरीत मिळतं. मशीनचा रंधा पहिल्या पाटासाठी घेऊ नका. तो वेगवान असतो, पण लाकूड कुठे अडतंय हे हाताला कळू देत नाही. पाट करण्यातली निम्मी शिकवण त्या अडण्यात आहे.

सुताराचं टेबल नसलं तरी अडत नाही. जुने सुतार मांडी घालून, पायाच्या अंगठ्यानं फळी दाबून रंधा मारतात. ते मला जमलं नाही. मी एक जड टेबल भिंतीला टेकवलं आणि त्याच्या एका कडेला अर्धा इंच जाडीची पट्टी अडसर म्हणून स्क्रूनं बसवली. फळी त्या अडसराला टेकते, रंधा तिला त्याच दिशेनं ढकलतो. एवढं पुरतं.

धार

इथे घाई करू नका. मी ज्यांना ज्यांना शिकवलं, त्यांतले निम्मे जण "मला रंधा जमत नाही" म्हणत होते. त्यांच्या हातात काही दोष नव्हता, त्यांचं पातं बोथट होतं. नवी पटाशी आणि नवा रंधा दुकानातून धारदार येत नाही, धार लावण्याजोगा येतो.

सागवानात तर हे दुप्पट खरं आहे. त्याच्या तंतूंत सिलिका असतं, म्हणजे वाळूचाच अंश. ते पात्याची धार खातं. अर्ध्या तासाच्या रंध्यानंतर दोन मिनिटं दगडावर जाणं हा कामाचाच भाग समजा.

दोन बाजूंचा कार्बोरंडमचा निसणा घ्या, एक बाजू जाड, एक बारीक. त्याहून स्वस्त उपायही आहे. स्वयंपाकाचा ओटा बसवणाऱ्यांकडे पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटचे तुकडे पडलेले असतात, असा फूटभर तुकडा मागा. तो बऱ्यापैकी सपाट असतो. त्यावर पाणी शिंपडून काळा वॉटर पेपर चिकटवा, २२०, ४०० आणि १००० नंबरचा.

पहिलं काम पटाशीच्या पाठीचं. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून, धारेजवळचा इंचभर भाग एकसारखा चमकेपर्यंत घासा. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. त्यातला एक पृष्ठभाग खडबडीत असेल तर दुसरा कितीही घासा, रेघ खडबडीतच राहते. हे प्रत्येक हत्याराला आयुष्यात एकदाच करावं लागतं. हात दुखतील, पण पूर्ण करा.

मग ढाळ, म्हणजे पात्याची धारेकडे उतरत जाणारी बाजू. कोन मोजायला साधी खूण आहे. ढाळाची रुंदी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर कोन ३० अंश. सागवानासाठी ३० ठीक. जाड पेपरवर ढाळ टेकवा, पुढून आणि मागून दोन्हीकडून टेकलेला असल्याचं बोटांना जाणवू द्या, आणि मनगट न हलवता पुढेमागे घासा. मनगट डोललं की ढाळ गोल होतो आणि धार वर उचलली जाते. थोड्या वेळानं पाठीवरून बोट धारेच्या बाहेर ओढा, धारेवरून आडवं नाही. कुठे खरखर लागली? ती उलटून आलेली लोखंडाची किनार. ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सलग लागेपर्यंत बारीक पेपरवर जायचं नाही. सगळ्यांची चूक इथेच होते, मधे लागली की थांबतात. ४०० आणि १००० वर आठ-दहा हात मारून, पाठ सपाट टेकवून दोन-तीन घासांत ती किनार काढा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं मागच्या दिशेनं दहा-बारा वेळा ओढा.

धार अंगठ्यावर तपासू नका. चिडाच्या किंवा कुठल्याही मऊ लाकडाच्या टोकावर, तंतू आडवे कापत पटाशी हातानं ढकला. कापलेली जागा काचेसारखी गुळगुळीत दिसली तर धार आली. चुरा पडला किंवा पांढुरकी दिसली तर परत दगडाकडे.

सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याला सुऱ्या द्या, पटाशी नको. सुक्या वेगवान चाकावर पात्याचं टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, तेवढा भाग मग धार धरत नाही. घरी ग्राइंडर वापरत असाल तर दर दोन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा.

रंध्याचं पातं असंच, फक्त दोन्ही कोपऱ्यांवर थोडा जास्त दाब देऊन ते किंचित गोल करा, म्हणजे फळीवर पायऱ्या उठत नाहीत. वरची लोखंडी पट्टी धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर आणून आवळा. रंध्याच्या तळाला मेणबत्ती फिरवा. हा उपाय इतका साधा आहे की लोक करून पाहत नाहीत. करून पाहा, रंधा निम्म्या जोरात चालतो.

रंधा

फळीचे सतरा-सतरा इंचाचे दोन तुकडे करा. रंधा मारण्याआधी पीळ तपासा. एकसारख्या सरळ दोन पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि खाली वाकून एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे पाहा. कडा समांतर दिसल्या तर ठीक. एक कोपरा वर दिसला तर तो आणि त्याच्या तिरप्या समोरचा कोपरा, हे दोन आधी उतरवायचे.

मग फळीच्या बाजूच्या कडेवर तंतू कोणत्या दिशेला वर चढतात ते पाहा. रंधा त्याच दिशेनं चालवायचा. उलट्या दिशेनं गेलात तर तंतू उचकटून खड्डे पडतात आणि आवाजही बदलतो, सळसळीच्या जागी फाटल्यासारखा येतो. आवाज बदलला की थांबा, फळी फिरवा. सुरुवातीला रंधा तिरपा, आडवा चालवून उंचवटे काढा, शेवटी लांबीच्या दिशेनं. झटका सुरू करताना दाब पुढच्या मुठीवर, संपवताना मागच्या मुठीवर. नाहीतर फळीची दोन्ही टोकं खाली उतरतात.

एक बाजू सपाट झाली की तिच्यावर खूण करा. पुढची सगळी मापं तिच्यापासून. तिच्याशी काटकोनात एक कड, मग गेजनं सात सुतांची रेघ चारही बाजूंनी, मग दुसरी बाजू त्या रेघेपर्यंत.

सागवानाच्या बारीक धुळीनं काहींना खाज येते, शिंका येतात, दम लागतो. रंध्याला मास्क नसला तरी चालेल, पॉलिश पेपर घासताना मात्र लावाच.

दोन फळ्यांचा सांधा

जोडायच्या दोन कडा एकदम रंधा. फळ्या पोथी मिटावी तशा, वरच्या बाजू समोरासमोर आणून एकत्र धरा आणि दोन्ही कडांवर एकच रंधा चालवा. रंधा थोडा कलला असेल तरी फळ्या उघडल्यावर एकीचा कल दुसरीच्या उलट येतो आणि पाट सपाटच जुळतो. मिस्त्रींनी हे दाखवलं तेव्हा माझा आधी विश्वास बसला नव्हता.

आता एक फळी दुसरीवर उभी ठेवून उजेडाकडे धरा. टोकांना उजेड दिसता कामा नये. अगदी मधोमध केसाएवढा दिसला तर चालतो, उलट तो हवाच. टोकं मधल्यापेक्षा आधी वाळतात आणि आधी आकसतात. मधली पोकळी क्लॅम्पनं दाबली की टोकांवर जादा दाब राहतो आणि उन्हाळ्यात सांधा टोकाकडून उघडत नाही.

सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यावर गोंद नीट बसत नाही. म्हणून कडा रंधल्या त्याच दिवशी चिकटवा, आदल्या आठवड्याच्या रंधलेल्या कडा नकोत. चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसा आणि सुकू द्या. गोंद दोन्ही कडांना पातळ लावा. क्लॅम्प दोन खालून, एक वरून. सगळी मांडणी एकदा गोंद न लावता करून पाहा, कारण उन्हाळ्यात नागपुरात फेविकॉलवर काही मिनिटांत साय धरते. मार्चनंतर काम करत असाल तर हे पहाटे करा. क्लॅम्प रात्रभर राहू द्या.

इथे गोंद का चालतो? कारण दोन्ही फळ्यांचे तंतू एकाच दिशेनं आहेत, त्या बरोबरीनं फुगतात आणि बरोबरीनं आकसतात. पट्टीला तो का चालत नाही, ते आता ध्यानात आलं असेल.

दुसऱ्या दिवशी सांध्यावर हलका रंधा, मग करवतीनं १६ इंचांवर, गुण्या लावून. गाभ्याकडची बाजू, म्हणजे टोकावरच्या कमानींची पोकळ बाजू जिकडे असते ती, वर ठेवा. वाळताना मग पाट मध्ये किंचित उचलतो, कडा खाली दबतात आणि बसणाऱ्याला टोचत नाहीत.

पट्ट्या आणि स्क्रू

दोन पट्ट्या, दीड इंच उंच, दीड इंच रुंद, अकरा इंच लांब. पाटाच्या रुंदीपेक्षा एक इंच आखूड, म्हणजे पाट आकसला तरी टोकं बाहेर डोकावणार नाहीत. प्रत्येक पट्टी पाटाच्या टोकापासून अडीच इंच आत.

प्रत्येक पट्टीला तीनच स्क्रू. एक मधोमध, दोन त्याच्यापासून साडेचार इंचांवर दोन्हीकडे. स्क्रू सव्वा इंची, आठ नंबरचे, पितळी. खालून आधी वायसरसकट डोकं मावून थोडं सरकेल एवढं भोक पाऊण इंच खोल पाडा. उरलेल्या पाऊण इंचातून स्क्रू जाईल आणि अर्धा इंच पाटात शिरेल. सात सुतांच्या पाटात वर तीन सूत उरतात. ड्रिलच्या बिटवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर पाटाच्या दर्शनी बाजूला भोक निघेल.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप. मधल्या स्क्रूचं भोक साधं गोल, साडेचार मिलिमीटरचं. कडेच्या दोन स्क्रूंची भोकं मात्र लांबट, साडेचार मिलिमीटर रुंद आणि सात मिलिमीटर लांब, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं. शेजारी शेजारी दोन भोकं पाडा आणि मधलं लाकूड बारीक गोल कानशीनं काढा. मधला स्क्रू पाटाला जागेवर धरतो, कडेचे दोन पाटाबरोबर सरकतात. साडेचार इंचांवर वर्षभरातली सरक जेमतेम दोन मिलिमीटर असते, तेवढी जागा त्या भोकात आहे.

स्क्रू भोकात कुठे बसवायचा, हे महिन्यावर ठरतं. मे महिन्यात जोडत असाल तर पाट आत्ता सगळ्यात अरुंद आहे, पुढे तो बाहेरच्या बाजूला फुगणार. म्हणून स्क्रू भोकाच्या आतल्या, मधल्या स्क्रूकडच्या टोकाला. श्रावण-भाद्रपदात जोडत असाल तर पाट फुगलेला आहे, पुढे आकसणार, तेव्हा स्क्रू बाहेरच्या टोकाला. जानेवारीत जोडत असाल तर मधोमध.

पाटात तीन मिलिमीटरचं भोक पाडा. पितळी स्क्रू सागवानात सरळ आवळला तर त्याची मान मोडते, आणि मोडका स्क्रू काढणं फार जिकिरीचं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून आत घाला, बाहेर काढा, मग त्याच आट्यांत पितळी फिरवा. डोक्याखाली वायसर घाला. कडेचे स्क्रू टेकेपर्यंत आवळा आणि चतुर्थांश फेरा मागे घ्या. पट्टीला गोंदाचा थेंबही नको.

तेल

कडांची धार घासून मोडा, पॉलिश पेपर १२०, १८०, २२०, तंतूंच्या दिशेनंच. यात सांगण्यासारखं फार नाही.

मी पाटाला जवसाचं तेल लावतो. विदर्भात जवस घरचं आहे, घाणीचं तेलही मिळतं. पहिला हात निम्मं तेल आणि निम्मं टर्पेंटाइन, पुढचे दोन-तीन हात नुसत्या तेलाचे, अगदी पातळ. वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा, पुसलं नाही तर ते चिकट राहतं. कच्चं तेल वाळायला थंडीत दोन हातांमध्ये चार-पाच दिवस लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश, ओलीला जास्त चांगलं अडवतं, पण पूजेच्या पाटावर पाणी सांडतंच, आणि चपड्यावर त्याचे पांढरे डाग उठतात. जवसाच्या पाटाला दरवर्षी एक हात दिला की भागतं.

तेल पट्ट्या काढून लावा, आणि सहाही बाजूंना सारखं. खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरी सोडली तर ती जास्त ओल घेते, वरची कमी, आणि पाट ताटासारखा वाकतो.

तेलाच्या फडक्याबद्दल हे कृपा करून गंभीरपणे घ्या. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. बोळा करून टाकलेलं फडकं आतल्या आत तापून, ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर त्याला फारसा वेळही लागत नाही. काम झालं की फडकं पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या जागी दोरीवर एकेरी पसरून वाळवा. कचऱ्याच्या डब्यात, भुशाच्या पोत्यावर कधीही नाही.

हत्यारं ठेवताना पात्यांवर तेलाचा पुसट हात फिरवा, विशेषतः ती खोली कूलरची असेल तर. एका रात्रीत गंज धरतो.

पट्ट्या परत बसवल्यावर शेवटचं एक काम करा. पाट उलटा ठेवा. पट्टीच्या दोन्ही टोकांशी, पट्टीच्या कडेवरून थेट पाटाच्या तळावर जाणारी पेन्सिलीची बारीक रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. नवतप्यात पाट उलटून पाहा, पाटावरची रेघ पट्टीवरच्या रेघेपासून आतल्या बाजूला सरकलेली दिसेल. महालक्ष्म्यांच्या आदल्या आठवड्यात पुन्हा पाहा, ती बाहेर गेलेली असेल. रेघा अजिबात सरकल्या नसतील तर कडेचा स्क्रू जास्त आवळला गेलाय, तो तेव्हाच अर्धा फेरा सैल करा.

माझ्या देवघरातल्या पाटावर अशा नऊ वर्षांच्या रेघा आहेत. मिस्त्री आता नाहीत, पण त्यांनी त्यातली पहिली रेघ स्वतःच्या कानामागच्या पेन्सिलीनं ओढली होती. दरवर्षी तेलाचा हात देताना तेवढी जागा मी कोरडी सोडतो.